डब्याची कुंची

बापूसो मगदूम दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या घरी यायचे. आधी शिडी दिसायची, मग तिच्याखाली वाकलेला खांदा, मग बापूसो. उंबऱ्याशी शिडी टेकवून ते म्हणायचे, "कालिंदीबाई, डबा बघायचा हाय."

त्या वाक्यात काही उरलेलं नसायचं. शंभर प्रयोग झालेलं नाटक एकशे एकाव्यांदा उभं करताना नटाचा आवाज कसा होतो ते मला ठाऊक आहे. शब्द चुकत नाहीत, हात आपापल्या जागी जातात, फक्त माणूस दमलेला असतो. बापूसोंची ही फेरी एकतीस घरांची होती. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन गल्ल्या आणि शुक्रवार पेठेतली त्यांची स्वतःची एक. आठ वर्षं त्यांनी ती चालवली.

मी पंचवीस वर्षं नाटक कंपनीत होते. बापूसो आमचे दिवेवाले. आम्ही नट मंडळी टाळ्या घेऊन विंगेत यायचो, तेव्हा हा माणूस मचाणावर वायरींच्या गुंडाळ्यात बसलेला असायचा. घामानं भिजलेला, बनियनवर. माझ्या चेहऱ्यावर ज्या ज्या वेळी तेज होतं असं लोक म्हणाले, त्या त्या वेळी ते बापूसोंनी वरून सोडलेलं होतं. हे मी तेव्हा त्यांना कधी म्हटलं नाही. आम्ही लोक असेच.

चौसष्ट साली कंपनीचा मुक्काम मलकापुरात होता. उतरायला जागा मिळाली ती एका बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत. कपडेपटाची खोली मागे होती आणि कपडेपट सांभाळणाऱ्या झुंबरबाई तिथेच पेट्यांच्या कडेला झोपायच्या. रात्रीचा खेळ पहाटेपर्यंत चालायचा, म्हणून सगळी कंपनी दुपारी झोपायची. त्या दिवशी चार वाजता शालू काढायला आम्ही दार ढकललं आणि आतून धूर लोटला. आग म्हणावी अशी आग नव्हतीच. कोपऱ्यात एक मखमली पडदा नुसता धुमसत होता, ज्वाळासुद्धा नव्हती. झुंबरबाईंच्या अंगावर साधा फोड नव्हता. कुशीवर वळून झोपल्या होत्या, तशाच होत्या, फक्त श्वास नव्हता.

इस्त्रीतला निखारा पडला, की भिंतीवरून गेलेली वायर तापली, ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. पोलिसांनाही नाही. पण ती वायर बापूसोंनी टाकली होती. त्यांना कोणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच वाईट झालं. कोणी बोललं असतं तर त्यांनी भांडून घेतलं असतं.

मलकापूर सोडताना गाडीत ते माझ्या शेजारी बसले होते. गाव मागे पडलं. मग म्हणाले, "धूर मानसाला जागं करत न्हाय, कालिंदीबाई. आनखी गाढ झोपवतोय."

कंपनी एकोणसत्तरला बंद पडली. मी मंगळवार पेठेत घर घेऊन एकटी राहू लागले. बापूसोंनी वायरिंगचं आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. बहात्तर साली ते पहिल्यांदा माझ्याकडे डबा घेऊन आले. वनस्पती तुपाचा रिकामा डबा, आतून काळा रंगवलेला, बुडाला नि तोंडाला भोकं आणि जाळी.

"हा काय पाळण्यातला खुळखुळा आणलाय?" मी म्हटलं.

"देवीचा प्रवेश आठवतोय?" त्यांनी विचारलं.

आठवत नसेल कसा? तिसऱ्या अंकात मी मखरातून उतरायचे आणि सगळ्यांत आधी पुढे पिटात बसलेल्या बायकांचे हात आपोआप जोडले जायचे.

"तुमी यायच्या आधी मी उदाचा धूर सोडायला लावायचो. कशाला? तर झोत दिसावा म्हणून. धूर नसला की झोत हवेत दिसत न्हाय, नुसता समोर भिंतीवर जाऊन पडतोय. आता बघा. ह्या डब्यात हितं बारका दिवा. हितं उजेड वळखनारा डोळा, मुंबईहून मागवलाय. मधी आडोसा, म्हणून डोळ्याला दिवा दिसत न्हाय. पर धूर आत शिरला की झोत दिसाय लागतो. डोळ्याला कळतं, आनि घंटी वाजती."

"म्हणजे माझा प्रवेश डब्यात भरलात म्हणा."

"तुमच्यापेक्षा ह्यो वेळेवर येतोय," बापूसो म्हणाले.

माझ्या घरात स्वयंपाकघराच्या दाराच्या वर एक झरोका आहे. सोप्याच्या, म्हणजे पुढच्या खोलीच्या बाजूनं, त्या झरोक्यासमोर त्यांनी डबा बसवला. स्वयंपाकघरात काही धुमसलं तर धूर झरोक्यातून आधी डब्यात येणार आणि खाली सोप्यात झोपलेल्या मला उठवणार, असा हिशोब. दिवा घरच्या विजेवर, घंटी बॅटरीच्या सेलवर. खाली उदबत्ती धरून त्यांनी घंटी वाजवून दाखवली. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी मलकापुरानंतर पहिल्यांदा बघितलं.

डबा बसवणं एका सकाळचं काम. तो जागा ठेवणं हे काम मात्र संपत नाही. आत दिवा, म्हणून किडे येतात. किडे येतात म्हणून कोळी येतो. कोळ्याचं जाळं डोळ्यासमोर आलं की डबा उगाच वाजतो, आणि धूळ बसली की वाजायचं तेव्हा वाजत नाही. दुसऱ्या कोणी फडकं फिरवून मोकळं व्हावं. पण बापूसो जैन. जीव मारायचा नाही. ते शिडीवर उभं राहून काडेपेटीत कोळी धरायचे, शिडी उतरून परसात सोडून यायचे, परत चढायचे. पाच मिनिटांचं काम अर्धा तास. मी एकदा म्हटलं, "तोच कोळी परत येतो हो, मी ओळखते त्याला." तर म्हणाले, "मग तुमी त्याला सांगा की समजावून. मी थकलो."

लोकांचं म्हणाल तर लोक कोळ्यापेक्षा अवघड. शाळेत शिकवणाऱ्या शालूबाई घंटीचे सेल काढून रेडिओत घालायच्या आणि बापूसो शेजारच्या घरी पोचले की घाईनं परत जागेवर ठेवायच्या. बापूसो शिडीवरून विचारायचे, "सेल गरम कसं?" शालूबाई म्हणायच्या, "ऊन पडतं ना वर." डबा माळ्याच्या अंधारात असायचा.

आणि सगळ्यांवर कडी चटणीच्या महिन्याची. कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटातली चमचाभर नव्हे. वर्षाची कांदा-लसणाची चटणी. होळी झाली की घराघरांत मिरच्या वाळायला पडतात, देठं खुडली जातात, मग मोठ्या कढईत मिरच्या, खोबरं, तीळ, मसाले भाजायचे आणि कांडपाला न्यायचे. भाजणीच्या दिवशी अख्ख्या गल्लीला ठसका लागतो. माणसांना लागतो, तर डब्याला लागणारच. पहिल्या वर्षी दिवसभर घंट्या. बायका वैतागल्या. चार घरांत डबा केरसुणीच्या बुडख्यानं शांत झाला, कायमचा.

त्यावर उपाय बापूसोंच्या बायकोनं काढला. विजयमालावहिनींनी जुन्या लुगड्यांच्या कुंच्या शिवल्या, तान्ह्या पोराला घालतात तशा, नाडीच्या. भाजणीच्या दिवशी डब्याला कुंची घालायची, काम झालं की काढायची. छान. पण घातलेली कुंची काढायला कोणाला सुचतं? दिवसभर चुलीपुढे बसलेल्या बाईला रात्री स्वतःचे केस सोडवायचं त्राण नसतं. कुंची राहायची ती राहायचीच, आणि तिच्याखाली डबा मुका.

म्हणून चटणीचा महिनाभर बापूसो रोज तिसऱ्या प्रहरी शिडी घेऊन निघायचे आणि ज्या ज्या घरी भाजणी झाली तिथली कुंची स्वतः उतरवायचे. त्यात त्यांचा नेम असा की सूर्य मावळायच्या आत जेवायचं, नंतर पाणीसुद्धा नाही. फेरी लांबली की ते दिवेलागणीला घरी पोचायचे आणि वहिनी झाकलेलं ताट उचलून ठेवायच्या. महिन्यात दहा-बारा दिवस तरी ते उपाशी झोपत. वहिनी मला एकदा म्हणाल्या, "ताई, लोकांच्या चटणीसाठी ह्यांनी किती उपास केले ते देवाला ठाऊक. आणि आमच्याकडं कांदा-लसूण खात बी न्हाईत."

त्यांना थांबायचं होतं. ते उघड म्हणायचे. पन्नाशी उलटली होती, उजवा गुडघा सुजलेला. शिडीच्या प्रत्येक पायरीला तोंडातून हुं निघायचं.

"मग थांबा की," मी म्हणायचे.

"थांबलो की म्हैन्याभरात एकतीस डबं मेलं. मग एखाद्या घरात कोन झोपलेलं असंल. न्हाय, कालिंदीबाई. पुन्हा न्हाय."

गिरणीतली ती खोली मीही बघितली होती.

ऐंशी सालची माझी भाजणी होळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. शेजारच्या बायडाबाई मदतीला होत्या. सकाळी स्टुलावर चढून त्यांनीच माझ्या डब्याला कुंची घातली. दिवसभर आम्ही दोघी खोकत, शिंकत, डोळे पुसत बसलो. संध्याकाळी बापूसो आले नाहीत. मला ते जाणवलंसुद्धा नाही. मी आडवी झाले ती सकाळीच उठले.

दुसऱ्या दिवशी कांडप करून आणलं, बरण्या भरल्या. दुपारी जेवून स्वयंपाकघराचं दार ओढलं, कडीत खिट्टी घातली. ही लाकडी खिट्टी मी कधी विसरत नाही, कारण आमच्या गल्लीत एक बोकी आहे आणि तिला दुधाचा वास माझ्याआधी लागतो. सोप्यात चटई टाकली. पाठ मोडून आली होती. डोळा लागला.

स्वयंपाकघरात भुश्याची शेगडी होती. वर राख, आत धग. तिच्या अंगाला मिरच्यांच्या देठांचं पोतं टेकवून ठेवलं होतं. मीच ठेवलं होतं.

जाग आली ती कोणीतरी खांदे गदागदा हलवत होतं म्हणून.

"अगं बया, बया! कालिंदीताई, उठा की! घर धुपतंय तुमचं, आनि तुमी खुशाल झोपलाय!"

बायडाबाई होत्या. माझी परात परत द्यायला आल्या होत्या. पुढचं दार दिवसा उघडंच असतं. सोप्याच्या वरच्या अंगाला पांढरट धूर आढ्याला टेकला होता आणि झरोक्यातून अजून येतच होता. मला उठवेना. डोकं दगडाचं झालं होतं आणि पाय माझे नव्हते. बायडाबाईंनी मला फरफटत अंगणात नेलं, तोंडाला पदर बांधला, खिट्टी काढली आणि घागर नेऊन पोत्यावर पालथी केली. जळालं फार नव्हतं. पोतं, एक फळी, भिंतीचा कोपरा. फोड कोणालाच आला नाही.

मी धरत धरत परत सोप्यात आले तेव्हा डब्याकडे लक्ष गेलं. कुंची होती तशी होती. नाडी छान बांधलेली.

पुढं जे केलं ते विचार करून केलं नाही. पंचवीस वर्षांची सवय, पडदा उघडा पडला की काहीतरी करायचं. मी स्टुलावर चढले, कुंची ओढून काढली आणि कमरेला खोचली. उरलेला धूर डब्यात शिरला आणि घंटी वाजायला लागली. अशी वाजली, अशी वाजली, की अख्खी गल्ली दारात आली. कोणीतरी सायकलवरून बापूसोंच्या दुकानाकडे गेलं.

बापूसो आले ते शिडीशिवाय, अनवाणी. गुडघा विसरून पळत आलेला माणूस.

"वाजली?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"वाजली म्हणजे काय! कानठळ्या बसल्या," मी म्हटलं.

बायडाबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग त्या माउलीनं माझ्याही वर काम केलं. "मी तर घंटी ऐकूनच पळत आलो की! म्हटलं, मगदुमांची घंटी हाय, म्हंजे खरंच काय तर हाय."

बापूसो पायरीवर बसले. दोन्ही हात डोळ्यांवर धरले. सोळा वर्षं त्यांच्या पाठीवर जे होतं ते मला खाली ठेवलेलं दिसत होतं. मला वाटलं, झालं, सुटला हा माणूस. असं खोटं मी रोज बोलेन.

पण हाताची सवय वाईट. थोड्या वेळानं ते उठले. "धूर बसला असंल आत. पुसाय पायजे." स्टुलावर चढले, डबा उघडला, जाळी उजेडात धरली. एवढ्या धुराच्या मानानं ती स्वच्छ होती.

"कुंची कुठाय?"

"असेल कुठंतरी."

"तुमच्या कमरेला हाय."

मी काढून दिली. त्यांनी ती उलटी केली, परत सुलटी केली. बाहेरून धुरकटलेली, आतून स्वच्छ.

"कालिंदीबाई, वीस वर्सं मी तुमाला उजेडात बघितलंय," ते हळू म्हणाले. "तुमचं काम मला कळतं."

बायडाबाई परात पुसत राहिल्या, ती कोरडी होती.

"काल तुमचं घर शेवटचं हुतं," बापूसो म्हणाले. "सूर्य टेकला हुता. गुडघा उचलंना. म्हटलं, कालिंदीबाई शहाणं मानूस हाय, काढतील. गेलो आनि जेवलो. गरम भाकरी हुती."

गरम भाकरी हे शब्द त्यांनी असे उच्चारले की माझं टाळकंच फिरलं. मघाची गुंगी गेली.

"जेवलात तर काय चुकलं? घर माझं, शेगडी माझी, पोतं मी टेकवलं. त्या कुंचीखालून काल संध्याकाळपासून मी वीस वेळा गेले. मला हात नव्हते? माझा जीव वाचवायचा तर मी हातपाय पसरणार आणि तुम्ही उपाशी राहणार, हे कुठल्या नाटकात लिहिलंय?"

"तसं न्हाय..."

"तसंच आहे. आणि तुमच्या फेऱ्यांनी काय होतं तेही कळू द्या. बायडाबाई, तुमच्या डब्यावर आत्ता काय आहे?"

बायडाबाईंनी मान खाली घातली. "कुंची."

"मी तर परवा काढली की!" बापूसो म्हणाले.

"तुमी काढून गेला की मी परत घालतो. कधी मिरची, कधी पापड. रोज कोन घाल-काढ करनार? तुमी येताय की काढाय." मग जरा ओशाळून म्हणाल्या, "सगळीच करत्यात."

बापूसो स्टुलावरून उतरले. दाराशी उभे राहिले, एका हातात कुंची. दुसऱ्या हातानं कडीला लोंबणारी खिट्टी उगाच हलवत होते.

"ही रोज लावता?"

"बोकी आहे ना. दूध ठेवेल का ती?"

"एक दिस बी चुकत न्हाय?"

"चुकून कसं चालेल?"

"म्हंजे दुधासाठी चुकत न्हाय," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. दुरुस्तीचं काम करताना ते स्वतःशी बोलायचे तसं होतं ते.

त्यांनी खिशातून सुतळी काढली. खिट्टी कडीची सोडवली आणि कुंचीच्या नाडीला वीतभर सुतळीनं बांधली. स्टुलावर चढून कुंची डब्याला घातली. खिट्टी वर, डब्याशेजारी लोंबत राहिली.

"आता दार लावा."

मी दार ओढलं. कडी लागली, पण खिट्टी कुठे? वर. खिट्टी पाहिजे तर कुंची काढायला हवी. मी स्टुलावर चढले, कुंची काढली, खिट्टी कडीत घातली. कुंची कडीखाली लोंबू लागली आणि वर डबा उघडा, जागा.

बायडाबाई म्हणाल्या, "हात् तुझ्यायला! मांजरालाच नेमलं की राखणीला."

त्याच आठवड्यात बापूसो एकतीस घरं फिरले. जिथं खिट्टी नव्हती तिथं दुधाच्या फडताळाची किल्ली कुंचीला बांधली. आणि प्रत्येक घरात एका बाईला समोर उभं करून मऊ कुंचल्यानं डबा पुसायला शिकवलं. कोळी धरायचा की नाही ते ज्याच्या त्याच्यावर सोडलं. एवढं सोडायला त्यांना किती जड गेलं असेल ते मी समजू शकते. पुढं ते वर्षातून दोनदा यायचे, सेल बघायला. शालूबाईंचे सेल अजून गरमच असायचे.

पुढच्या वर्षी माझ्या भाजणीच्या दिवशी बापूसो आले. शिडी नव्हती. गुडघ्यावर हात ठेवून सोप्याच्या कडेला टेकले. मी त्यांच्यासाठी सकाळीच वेगळ्या कढईत नुसतं तिखट करून ठेवलं होतं, कांद्या-लसणाचा हात न लागलेलं. कंपनीत त्यांचं वेगळं शिजायचं, ते मला माहीत होतं. जेवायची पितळी धुऊन घेतली, भाकरी, दही आणि ते तिखट वाढलं. समोरच्या कौलांवर अजून दोन हात ऊन होतं.

ते घाई न करता जेवत होते.  

तेवढ्यात शेजारून बायडाबाईंच्या घरातला आवाज आला. स्टूल ओढल्याचा, मग धाप लागल्याचा, मग, "ह्या मगदुमाच्या डोस्क्यात काय भरलंय देव जाणं! साधं दार लावायचं तरी चढा वर, उतरा खाली!" मग खिट्टी कडीत गेल्याचा ठक आवाज.

बापूसोंचा घास हातात थांबला होता. त्यांनी कौलांवरचं ऊन बघितलं.

"कालिंदीबाई," ते म्हणाले, "अजून अर्धी भाकरी असंल तर वाढा."